शिशाची गोळी आणि दगडातली खाच

स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसच्या ओल्ड हाय चर्चच्या आवारात एका थडग्याच्या दगडावर खाच आहे. मी तिच्यात बोट फिरवलं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात, ३४ वर्षं काढली, त्यामुळे खाच दिसली की डोळ्यांच्या आधी हात जातो. भुरभुर पाऊस चालू होता, दगड गार पडला होता, कडा पार झिजल्या होत्या. "बाबा, बंदुकीची नळी टेकवायला होती म्हणतात ती," मुलगी म्हणाली. काही पावलांवर दुसरा दगड. तिथे कैद्याला आणायचे, आणि इथून नेम धरायचा. मागे मनोऱ्याच्या भिंतीवर गोळ्यांचे टवके आहेत.

नेम चुकू नये म्हणून दगडाचा आधार. हातातला जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, हलू नये म्हणून मी तो आयुष्यभर व्हाइसच्या पकडीत आवळत आलो, त्यातलाच हा प्रकार. हे लक्षात आलं आणि मला तिथे उभं राहवेना. ही, माझी बायको, शेजारच्या झाडाखाली जाऊन थांबली होती. तिला म्हटलं, आज आता दुसरं काही बघायला नको.

गोष्ट १७४६ सालची. १६८८ मध्ये स्ट्युअर्ट घराण्याची गादी गेली. ती परत मिळवायला त्या घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड १७४५ च्या जुलैमध्ये फ्रान्सहून समुद्रमार्गे स्कॉटलंडच्या एका बेटावर उतरला. ऑगस्टच्या १९ तारखेला ग्लेनफिननला निशाण उभारलं. सप्टेंबरात प्रेस्टनपॅन्सची लढाई जिंकली, डिसेंबरात थेट इंग्लंडमधल्या डर्बीपर्यंत धडकला आणि तिथून मागे फिरला. त्याच्या बाजूच्या लोकांना जॅकोबाइट म्हणतात. १६ एप्रिल १७४६ ला इन्व्हरनेसजवळच्या कलोडनच्या माळावर सगळं संपलं. तासाभराच्या आत. चर्चच्या आवारात आणलेले कैदी याच हरलेल्यांपैकी. राजपुत्र तेव्हा २५ वर्षांचा होता. समोरच्या सरकारी फौजेचा सेनापती, गादीवरच्या राजाचा मुलगा कंबरलंड, त्याला २५ पूर्ण होऊन एक दिवस झाला होता. त्याच वाढदिवसाच्या रात्री कंबरलंडच्या छावणीवर छापा घालायला जॅकोबाइट लोक नेर्न गावाच्या दिशेने अंधारात चालत निघाले, पहाट व्हायला आली तरी पोहोचले नाहीत, आणि उपाशी, न झोपता माघारी येऊन लढायला उभे राहिले.

कलोडनला दुसऱ्या दिवशी गेलो. माळ सपाट आहे, खाली दलदल. एका बाजूला निळे झेंडे, दुसऱ्या बाजूला लाल; दोन्ही फौजा कुठे उभ्या होत्या ते त्यावरून कळतं. मधलं अंतर मी चालून पाहिलं. नव्या बुटातही पाय रुतत होते. गवताचे लांबट उंचवटे आहेत, त्यांवर १८८१ मध्ये बसवलेले दगड, आणि दगडावर कुळाचं नाव. एका दगडावर माणसाचं नाही, कुळाचंही नाही. फक्त 'मिश्र कुळं' एवढंच. पुरताना कोण कुठला ते ओळखू आलं नसणार. जॅकोबाइट बाजूचे सुमारे १,५०० गेले असं धरतात.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते गोळ्यांनी. या जमिनीवर धातू शोधायचं यंत्र फिरवून गोळ्या शोधल्या, आणि कुठली कोणाची ते व्यासावरून लावलं. सरकारी बंदुकीची नळी पाऊण इंचाची, म्हणजे १९ मिलिमीटर. तिची गोळी साधारण साडेसतरा. जॅकोबाइटांकडच्या फ्रेंच बंदुकीची नळीच साडेसतराची, त्यामुळे गोळी आणखी बारीक. नळी आणि गोळीत एवढा क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, का, ते माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. काळी दारू जळली की नळीत काजळी बसते. फिट घट्ट ठेवला तर दहाव्या बाराला गोळी आत उतरणार नाही. नेम ढिला झाला तरी चालेल, भरणं अडता कामा नये. पावणेतीनशे वर्षांनी व्हर्निअर लावून सांगता येतं की ही इकडून सुटली, ही तिकडून. जी चपटी झालेली असते ती कशावर तरी आदळलेली असते.

रथव्हनची बराक वाटेत मोटारीतूनही दिसते, टेकाडावर, बिनछपराची. १७१९ च्या सुमारास सरकारने बंडखोरांवर वचक म्हणून बांधायला घेतली, १७४६ च्या फेब्रुवारीत जॅकोबाइटांनी जाळली, आणि कलोडननंतर उरलेसुरले लोक तिथेच जमले. अजून लढायची तयारी होती त्यांची. राजपुत्राचा निरोप आला की ज्याने त्याने आपापला जीव वाचवावा. फोर्ट जॉर्ज हा किल्ला मात्र जिंकलेल्यांचा. १७४८ ला सुरू केला, १७६९ ला पुरा झाला, तोवर बंड करायला कोणी उरलं नव्हतं. कोपरा न् कोपरा आजही जागच्या जागी. मी तिथे फार वेळ काढला नाही.

फोर्ट विल्यम गावातल्या संग्रहालयात मात्र तासभर खिळलो. एका लाकडी तबकावर रंगाचे नुसते फराटे आहेत, पुसून काढल्यासारखे. मध्ये चकचकीत धातूचा दंडगोल उभा केला की त्याच्यात चार्ल्सचा चेहरा दिसतो. दंडगोल उचलला की काही नाही. शिपाई घरात शिरले तर सापडायला काय, रंग सांडलेलं तबक! हरलेल्या राजपुत्राचं चित्र असं घरात लपवायचं आणि रात्री त्याच्या नावाने पेला उचलायचा. मी बघत होतो तो दंडगोल. आरशासारखं पॉलिश मीही केलंय, साच्याच्या पोकळीला, आठ-आठ दिवस घासून. पृष्ठभागावर एक लाट राहिली तर चेहऱ्याचं नाक वाकडं होईल. ज्या कोणी हे केलं त्याला पकडले जाण्याची भीती असताना त्याने हात स्थिर ठेवला. त्याचं नाव तिथे लिहिलेलं नव्हतं.

ठाण्याला परत आल्यावर संध्याकाळच्या फेरीत कारागृहाची भिंत लागते. हे कारागृह म्हणजेच ठाण्याचा जुना किल्ला. त्यात पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होते, आणि १८१६ च्या सप्टेंबरात इथूनच निसटले. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठी कळत नव्हतं. बाहेर एक मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, घोडा फिरवत गाणं म्हणायचा आणि पळून जाण्याचा बेत त्या गाण्यातून आत पोहोचायचा, अशी हकिकत सांगतात. कलोडननंतर लपत फिरणाऱ्या चार्ल्सला बाईचा वेष चढवून फ्लोरा मॅकडोनाल्ड नावाच्या तरुणीने आपली दासी म्हणून होडीतून नेलं, ते या पलायनाच्या सत्तर वर्षं आधी. तो पुढे रोममध्ये वारला. त्र्यंबकजी १८१८ ला पुन्हा सापडले आणि चुनारच्या कैदेत संपले. इन्व्हरनेसला दगडातल्या खाचेत मला बोट घालता आलं. इथे भिंतीजवळ थांबताही येत नाही, आणि गाण्याची खूण तर कुठल्या दगडावर उमटणार? ही मोतद्दाराची गोष्ट मी सोसायटीतल्या मुलांना सांगायला लागलोय.

गेल्या रविवारी मित्राच्या शॉपमध्ये ॲल्युमिनियमचा दोन भागांचा साचा केला, व्यास १७.५. शिसं वितळवलं, ओतलं. पहिल्या दोन गोळ्यांत पोकळी राहिली कारण साचा गरम केला नव्हता. तिसरी बरोबर उतरली. वजन ३२ ग्रॅम. त्या माळावर पोरं उभी राहण्याआधी कोणीतरी चुलीशी बसून अशा शेकडो ओतल्या असतील, तोही पहिल्या दोन बाजूला टाकत असेल.

घरी आणून हिच्या हातावर ठेवली. "एवढीशीच?" ती म्हणाली. मग मूठ मिटली, आणि बराच वेळ उघडली नाही.