घरकामाचा घाम

सगळे घर झाडून-पुसून झाल्यावर पदराने किंवा बाहीने कपाळ टिपत ‘चला, आजचा व्यायाम झाला’ असे म्हणण्याचा मोह कोणाला होत नाही? हा दावा अगदीच पोकळ आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि या हालचालीत घरकामही धरलेले आहे. पूर्वी ती किमान १० मिनिटे सलग असावी अशी अट होती. तीही आता उरलेली नाही. म्हणजे मध्येच दारावरची घंटा वाजली, तरी तोवरचे श्रम वाया जात नाहीत.

मात्र सगळ्या कामांना एकाच मापाने मोजता येत नाही. स्वस्थ बसल्यावर शरीराला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या तिप्पट ते सहापट ऊर्जा लागणाऱ्या श्रमांना मध्यम म्हणतात. इस्त्री करताना ती दुप्पटही होत नाही. केर काढणे आणि फरशी पुसणे ही कामे तिपटीचा उंबरठा जेमतेम ओलांडतात, आणि तीही मन लावून केली तर! कामे करता करता बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप लागली तर ते श्रम मध्यम समजावेत, अशी एक सोपी कसोटी आहे. इस्त्री करताना बहुतेकांना अख्खे गाणे म्हणता येते.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. व्यायामात शरीराला मुद्दाम कष्ट द्यायचे असतात आणि घरकामात ते होता होईल तो वाचवायचे असतात. फरशी पुसण्यात मुरलेल्या माणसाकडे पाहावे: बादली हाताशी, फडके एकदाच घट्ट पिळलेले, भिंतीच्या कडेने एक सलग हात फिरवून मागे सरकत दारापाशी येणे, ओल्या फरशीवर दुसऱ्यांदा पाऊल नाही. नवशिका त्याच खोलीत तीन फेऱ्या मारतो आणि घामाघूम होतो. थोडक्यात, काम जितके अंगवळणी पडते तितका त्यातला व्यायाम कमी होतो. शिवाय बादली वर्षानुवर्षे तेवढ्याच वजनाची राहते. स्नायू बळकट व्हायचे तर भार हळूहळू वाढवावा लागतो, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करण्याची शिफारसही वेगळी केलेली आहेच.

या संदर्भात आलिया क्रम आणि एलन लँगर या मानसशास्त्रज्ञांचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन मजेशीर आहे. हॉटेलांतील खोल्या साफ करणाऱ्या ८४ स्त्रियांपैकी काहींना ‘तुमचे कामच उत्तम व्यायाम आहे’ असे सांगण्यात आले. चार आठवड्यांनी त्यांचे वजन आणि रक्तदाब किंचित उतरलेला आढळला. आपण काही वेगळे केले, असे मात्र त्यांनी सांगितले नव्हते. याला श्रद्धेचा परिणाम म्हणावे, की त्या नकळत अधिक जोराने घासू लागल्या असाव्यात? मला दुसरी शक्यता अधिक पटते.

तेव्हा दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला ‘तुला वेगळ्या व्यायामाची काय गरज’ असे ऐकवणाऱ्यांनी निदान फरशीचे काम स्वतःकडे घ्यावे. नवशिके असल्यामुळे त्यांचा व्यायाम चांगला होईल आणि तिला भरभर फिरून यायला अर्धा तास मिळेल.