पावसाळ्यात लॉक्स सांभाळताना: माझा अनुभव

माझ्या लॉक्सना, म्हणजे केस मुद्दाम गुंतवून केलेल्या दोरीसारख्या घट्ट बटांना (ड्रेडलॉक्स), आता दोन वर्षं झाली. दर दोन महिन्यांनी मी कोल्हापूरहून एसटीने पुण्याला जाते आणि चार-पाच तास बसून मुळं घट्ट करून घेते. माझे केस सरळ, नुसते पिळून ते टिकत नाहीत. पाऊण मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने सुटलेला एकेक केस आत ओढावा लागतो. ते काम तिथल्या ताईंचं. घरी आल्यावरचं माझं, आणि पहिल्या वर्षी मी ते पार बिघडवलं.

आषाढ होता. पुण्याहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी डोकं धुतलं. बाहेर पावसाची धार थांबेना, कामावर जायची घाई, म्हणून ओल्याचाच अंबाडा घातला. रोज तेच. आठवड्याभरात वास यायला लागला, न वाळलेल्या गोधडीसारखा कुबट. लॉक वरून कोरडा लागायचा, पण चिमटीत दाबला की आत गार. तो गारवा म्हणजे आत मुरलेलं पाणी. मुळंही सैल पडली होती.

आजीचा धसका वेगळाच होता. तिच्या माहेरी एका बाईच्या केसांत जट झाली, ती यल्लम्माचं बोलावणं समजून कुणी कात्री लावू दिली नाही. ओझ्याने तिची मान दुखायची. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते आजही अशा बायकांची समजूत घालून जट सोडवतात. "हे तसलंच का गं?" आजीने विचारलं. मी मान खाली घालून तिला भांग दाखवले. प्रत्येक लॉकभोवती आखीव चौकट, मधली टाळू स्वच्छ. वास येत होता तेव्हा मात्र तिच्याजवळ बसायला मला लाज वाटायची.

आता पुण्याहून आले की तीन दिवस डोक्याला पाणी नाही. पहिली रात्र टाळू ठणकते, म्हणून केस मोकळेच सोडते. उंच बांधले तर ताण थेट मुळांवर येतो, आणि सततच्या ताणाने तिथले केस कायमचे जाऊ शकतात. त्याच कारणाने सहा आठवड्यांच्या आत पुन्हा घट्ट करून घेत नाही. खाज सुटली तर नखं लावायची नाहीत, टाळूवर थोडं गुलाबपाणी फवारायचं. तेल बोटाच्या टोकाने, दोन-तीन थेंब. चपचपीत तेलाने लॉकमध्ये धूळ चिकटते आणि ती धुऊनही निघत नाही. सुती अभ्रा केस ओढतो, त्याचे धागेही अडकतात. आजीने तिची विरलेली रेशमी साडी फाडून मला दोन अभ्रे शिवून दिले, उरलेला तुकडा मी हेल्मेटखाली बांधते.

धुणं रविवारी सकाळीच. मगभर पाण्यात चमचाभर शाम्पू मिसळून टाळूवर ओतते, बोटांच्या पेरांनी चोळते, लॉक नुसते दाबत खाली येते. शाम्पू आत राहिला तर पांढरा थर धरतो, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुते. मग पंच्यात एकेक लॉक पिळायचा आणि पंख्याखाली बसायचं. श्रावणात दुपार जाते. घाई असेल तर ड्रायर, गार वाऱ्यावर.

वाळले की नाही ते आता आजी ठरवते. मागे उभी राहून जाडसा लॉक चिमटीत धरते, दाबते.

"अजून गार हाय. बस पंख्याखाली."