मिलाग्रिस ते जुने गोवे: खिशात एक शंका

सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चपासून जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेपर्यंत साधारण 65 ते 70 किलोमीटर भरतात. आम्ही ते तीन टप्प्यांत चालतो: बांदा, म्हापसा, जुने गोवे. ज्याचं शरीर तिथे ठेवलं आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरचं 3 डिसेंबरचं फेस्त, म्हणजे सण, गाठायचं तर 30 नोव्हेंबरच्या पहाटे चारला निघायचं. पुढे क्रूस, मागे रिफ्लेक्टरचं जॅकेट घातलेला माणूस, पथाऱ्या आणि पाण्याचे कॅन टेम्पोत. महामार्गावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे उजवीकडून, एकामागे एक. शेजारी शेजारी चालून गप्पा मारायची हौस सर्व्हिस रोडवर भागवायची.

निघण्याआधी प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची असते: विश्वासाबद्दलची आपली एक शंका, एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायची, नाहीतर घामानं दुपारपर्यंत शाई पसरते. इथे पहिली चूक होते ती प्रश्नाच्या आकाराची. "देव आहे का?" असं लिहून आणलं तर परत लिहायला लावतो. एवढा प्रश्न तीन दिवसांत चालून होत नाही, आणि बहुतेक वेळा तो त्या माणसाचा खरा प्रश्न नसतोही. हा विचार पहिल्यांदा कधी आला, एवढंच विचारायचं. मग कुणाच्या तरी आयसीयूबाहेरची रात्र निघते, लग्न मोडल्याचं निघतं, फादरांनी प्रवचनात टाकलेलं एखादं वाक्य निघतं. ते लिहायचं.

दुसरी चूक जुन्या वारकऱ्यांची. कुणी शंका बोलून दाखवली की यांचं उत्तर तयारच असतं, बायबलच्या अध्याय-वचनासकट. म्हणून नियम असा: शंका ऐकल्यावर तासभर कुणी उत्तर द्यायचं नाही. इन्सुलीच्या घाटात हा नियम आपोआप पाळला जातो, तिथे धाप लागलेली असते.

पायांचं सांगतो, कारण वारी तिथेच मोडते. नवे बूट घालू नका. महिनाभर आधीपासून वापरलेले, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, दुपारनंतर पाय फुगतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी घासली की फोड येतो. फोडाआधी त्या जागी चटका लागल्यासारखं होतं. तिथल्या तिथे थांबायचं, मोजा काढायचा, पाय कोरडा करायचा आणि मायक्रोपोरची पट्टी सुरकुती न पडू देता लावायची. चार मिनिटांचं काम. पण "सगळे माझ्यामुळे थांबतील" म्हणून माणूस तसाच रेटतो आणि धारगळला बूट काढतो तेव्हा टाचेवर रुपयाएवढा पाण्याचा फुगा असतो. तो फोडायचाच झाला तर निर्जंतुक सुईनं कडेला दोन छिद्रं पाडायची, पाणी दाबून काढायचं, वरची कातडी मात्र ओढून काढायची नाही. खालचं लालभडक मांस उघडं पडलं तर जुने गोवे टेम्पोतूनच बघावं लागतं. पाणी दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. नुसतंच पाणी ढोसलं तर डोकं धरतं, म्हणून ओआरएस. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

बांदा ते म्हापसा हा सगळ्यात लांब टप्पा, तिशीच्या आसपास. चौपदरी रस्त्यानं झाडं नेली, त्यामुळे दहानंतर सावली शोधावी लागते. पत्रादेवीला हद्द ओलांडताना आम्ही मुद्दाम थांबतो. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर इथे पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यांचं स्मारक आहे. चिठ्ठ्यांमधली सगळ्यात टोकदार शंका इथेच वर येते: ज्यांनी हे केलं त्यांच्याच जहाजातून आलेल्या धर्माच्या संताकडे आपण का चाललो आहोत?

ही शंका सौम्य करून सांगू नये. उलट पूर्ण सांगावी. 1546 मध्ये फ्रान्सिस झेवियरनं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मापासून ढळणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मागितलं होतं. ते आलं 1560 मध्ये, तो वारल्यावर आठ वर्षांनी, आणि कायमचं बंद झालं 1812 मध्ये. त्यानं स्वतः कुणाला शिक्षा केली नाही, हे खरं. मागणी त्याची होती, हेही खरं. "तो काळच तसा होता" हे उत्तर मला लंगडं वाटतं, कारण त्या काळातही भोगणारे भोगतच होते. थोडा उपयोग होतो तो एका तारखेचा. झेवियरला संतपद मिळालं 12 मार्च 1622 ला. बरोबर 378 वर्षांनी, 12 मार्च 2000 ला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांची देवाकडे जाहीर क्षमा मागितली, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या जबरदस्तीचीसुद्धा. तारखा जुळणं हा योगायोग. पण जे चर्च संत ठरवतं तेच गुडघ्यावर येऊन चूकही कबूल करतं, हे कळल्यावर संत म्हणजे निर्दोष माणूस ही कल्पना गळून पडते. बरेच जण इथे बराच वेळ गप्प राहतात. राहू द्यावं.

म्हापशाचं चर्च सेंट जेरोमचं, पण लोक मिलाग्रिसच म्हणतात. मिलाग्रिस म्हणजे चमत्कार. एका चमत्कारांच्या चर्चपासून दुसऱ्यापर्यंत चालत आलो की रात्रीच्या रोजरीनंतर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, विषय निघतोच: सायबाचं, म्हणजे झेवियरचं, शरीर खरंच कुजलं नाही का?

माहीत आहे ते असं. 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगछुआन बेटावर तो वारला. शरीर लवकर झडावं आणि हाडं नेता यावीत म्हणून पेटीत चुना घातला. अडीच महिन्यांनी उघडलं तर शरीर शाबूत. मग मलाक्का, आणि 16 मार्च 1554 ला गोवा. आज जे आहे ते वाळलेलं, आक्रसलेलं, अपुरं शरीर आहे. चर्च त्याला अवशेषच म्हणतं. ते कुजलं नाही यावर विश्वास ठेवा, असं विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, कुठेही लिहिलेलं नाही. तिथे पुनरुत्थान आहे. एवढं ऐकून काहींना हलकं वाटतं, काहींना फसवल्यासारखं. फसवल्यासारखं वाटणाऱ्यांच्या शेजारी सकाळी चालावं.

तिसऱ्या दिवशी म्हापशाहून पणजी 13 किलोमीटर, पुढे जुने गोवे 9-10. अटल सेतूवर दुचाकीलाही बंदी, तेव्हा मांडवी जुन्या पुलानं ओलांडायची. त्यानंतर रायबंदरचा बांध, 1633-34 मधला, तीनेक किलोमीटर सरळसोट. ऊन अंगावर, ओहोटी असेल तर चिखलाचा वास, आणि पोचायची घाई. याच पट्ट्यात नवसवाले खचतात. चिठ्ठीत असतं: मी तीन वर्षं चाललो, मुलगी बरी झाली नाही, मग कशाला?

या शंकेला मी उत्तर देत नाही. फक्त सायब कसा मेला ते सांगतो. त्याला चीनला जायचं होतं. परक्यांना तिथे बंदी होती, म्हणून गुपचूप उतरवून देण्याचा सौदा एका चिनी व्यापाऱ्याशी केला. व्यापारी आलाच नाही. बेटावर वाट बघत, तापानं फणफणून, वयाच्या 46 व्या वर्षी तो गेला. ज्याच्याकडे आपण नवस बोलायला येतो त्याची स्वतःची शेवटची प्रार्थना अशी राहून गेली.

बासिलिकेत रांग हळू सरकते. पेटी चांदीची, 1636-37 ची, गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली. ती संगमरवरी चौथऱ्यावर इतकी उंच आहे की मान वर करून चांदीच बघायची. जवळून दर्शन दहा वर्षांतून एकदा, से कॅथेड्रलमध्ये. मागचं 5 जानेवारी 2025 ला संपलं. ज्या हातानं त्यानं हजारोंना बाप्तिस्मा दिला तो उजवा हात आत नाही. 1614 मध्ये कोपरापासून कापून रोमला पाठवला.

रांगेत योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय हळू आवाजात वाचतो, थोमाचा: येशू मरणातून उठला हे बघितल्याशिवाय न मानणाऱ्या शिष्याचा. थोमानं धडधाकट शरीर दाखवा असं म्हटलं नव्हतं. त्यानं जखमा मागितल्या, खिळ्यांचे वण आणि कूस. आणि एक गोष्ट वाचताना निसटते: येशू परत आला तो आठ दिवसांनी. ते आठ दिवस थोमा, विश्वास बसलेला नसतानाही, बाकीच्यांबरोबरच होता. त्यांनी त्याला काढलं नाही, तो उठून गेला नाही. "माझ्या प्रभू, माझ्या देवा" हे त्या शुभवर्तमानातलं सगळ्यात थेट कबुलीचं वाक्य त्याच्याच तोंडी आहे.

फेस्ताची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की चणे, खाजं, बसस्टँडवरची झुंबड. चिठ्ठी दानपेटीत टाकायची नाही, जाळायचीही नाही. बसमध्ये बूट सैल करायचे, पण काढायचे नाहीत, सुजलेला पाय परत आत जात नाही. मग तोच कागद उलटा करून आपला प्रश्न पुन्हा लिहायचा. एकीच्या चिठ्ठीवर पुढून होतं, "शरीर कुजलं नाही हे खरं का?" मागच्या बाजूला तिनं लिहिलं, "कुजलं असलं तरी मी पुढच्या वर्षी का येणार आहे?"