झिरो माइल ते हिंगणघाट: रस्त्यावरच्या जुन्या दगडांची नोंद, काम चालू आहे

मंडळी, नागपुरातले रस्त्याकडेचे जुने दगड, खांब, पाट्या नोंदवायचं काम पुढे सरकून राहिलं, म्हटलं कुठवर आलं ते सांगून टाकावं. या वेळेस सगळ्यात जास्त वेळ झिरो माइललाच, म्हणजे घोड्यांच्या पुतळ्यांजवळच्या त्या जुन्या मैलांच्या खांबापाशीच गेला. २०२१ ला बाजूलाच मेट्रो स्टेशन झालं तेव्हापासून तिथे गर्दी वाढली, लोकं घोड्यांसोबत फोटो काढतात, "भारताचा मध्य" म्हणून स्टेटस टाकतात न निघून जातात, पण त्या खांबाच्या बाजूचा बुटका दगड कोणी वाचतच नाही आणि माझ्या मते खरा मान त्याचाच आहे.

तो जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळात सगळा देश मोजला त्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा बेंचमार्क (उंचीची पक्की खूण), साल १९०७. त्याच्यावर मध्य-बिध्य काही नाही, उंची आहे: समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, आपल्या हिशोबात ३११ मीटरला थोडीशी कमी. दशांशानंतरचे तीन आकडे पाहा न बाप्पा! कराची, मुंबई, मद्रास धरून ९ बंदरांवर भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी काढली होती, आणि तिथून आत येत येत लेव्हल यंत्र मधे लावायचं, मागे-पुढे आकडे रंगवलेल्या पट्ट्या उभ्या करायच्या, दोन्ही वाचायच्या, फरक लिहायचा, यंत्र उचलायचं न पुढे जायचं, असं करत सगळ्या देशात उंचीचं जाळं विणलं, १८५८ ते १९०९ हे काम चाललं. आपल्या गावात समुद्र नाही पण समुद्राची उंची इथे दगडावर कोरून ठेवली आहे, मला तर हे कितीही वेळा पाहिलं तरी भारीच वाटते.

आता मोठा खांब. त्याच्या बाजूंवर गावांची नावं न मैल आहेत, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, रायपूर १७४, हैदराबाद ३१८, शिवाय बैतुल, चांदा वगैरे. शिवनीचे ७९ मैल म्हणजे १२७ किलोमीटर, आजच्या रस्त्यानेही जवळपास तेवढंच भरते. पण मला अडकवलं ते नसलेल्या नावांनी. मुंबई नाही, पुणे नाही. १८६१ पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी, त्यामुळे शहराचं तोंड उत्तरेला न पूर्वेला होतं, आणि मुंबईला जायचं तर १८६७ पासून रेल्वे होतीच. नंतर १९५६ ला राजधानीपण गेलं, १९६० ला महाराष्ट्र झाला, खांब मात्र अजून जुनाच नकाशा सांगून राहिला. नागपूरकराचे अर्धे सोयरे छिंदवाडा-शिवनीकडे कसे निघतात हे ज्याला कळत नसेल त्याने हा खांब गोल फिरून वाचावा.

तिथूनच थोडं पुढे गोवारी शहीद स्मारक आहे, तेही नोंदीत घेतलं. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली न ११४ जीव गेले, त्यात बायका-लेकरं खूप होती. झिरो माइल पाहायला पाहुणे नेले की तिथेही न्याच, एवढंच म्हणतो.

हिंगणघाटची नोंदही सुरू केली. बुटक्या दगडावरचा तो जीटीएस सर्व्हे १८०२ ला मद्रासकडून ज्याने सुरू केला तो विल्यम लॅम्बटन, हैदराबादहून नागपूरला येता येता २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला, कबरही तिथेच आहे. नागपूर फक्त काही मुक्काम राहिलं होतं बिचाऱ्याचं. माझ्यासाठी झिरो माइलची गोष्ट तिथून सुरू होते, म्हणून नकाशावर दोन्ही जागा एकाच रंगाने जोडल्या.

फोटोबद्दल जे नवीन आहेत त्यांच्यासाठी: दुपारी जाऊ नका, अक्षरं सपाट दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, नाही जमलं तर अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला अगदी चिकटून बाजूने मारा, रंगाच्या थरांखाली बुजलेलं कोरीव कामही उठून दिसते. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, खडू काहीच लावायचं नाही, हात जोडून सांगतो.

पुढचं काम हायवेचं. २०१० ला नंबर बदलले, जुना ७ गेला न ४४ आला, ६ चा ५३ झाला, आणि रुंदीकरणात जुने पिवळ्या डोक्याचे दगड उपटले जाऊन राहिले. जबलपूर रोड, वर्धा रोड, अमरावती रोड, भंडारा रोड, कुठेही ७ किंवा ६ लिहिलेला दगड उभा दिसला तर गाडी थांबवून फोटो न लोकेशन पाठवा, आकडा असलेली बाजू आणि मागची बाजू दोन्ही, पावसाळ्याआधी मिळाले तर जास्त बरं कारण नंतर गवतात काहीच दिसत नाही.