शेजारच्या बाई आणि सर्व्हेचा फोन

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचे, पहिलेवहिले सर्व्हे येऊ लागले की मला डी मॉइनमधलं शेजारच्या बाईंचं स्वयंपाकघर आठवतं. 2007 चा उन्हाळा होता. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही आयोवा राज्यात राहत होतो. बाई निवृत्त शिक्षिका. मी चहाला गेले असताना फोन वाजला. कुणाला पाठिंबा, म्हणून विचारत होते. "हिलरी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून मला सांगितलं, "बाकीच्यांना मी अजून ऐकलेलंच नाही."

तेव्हा देशभरच्या सर्व्हेंत डेमोक्रॅट्समध्ये हिलरी क्लिंटन आणि रिपब्लिकनांत रुडी जुलियानी पुढे होते. इतक्या लवकरचा आकडा मला तरी ओळखीच्या नावांची यादी वाटतो. जुलियानी फ्लोरिडाच्या प्रायमरीत तिसरे आले आणि 30 जानेवारी 2008 ला शर्यतीतून बाहेर पडले.

सर्व्हेत कुणाला मोजायचं, हा प्रश्न तर आणखी अवघड. कॉकसला, म्हणजे आयोवात उमेदवार निवडायला भरणाऱ्या पक्षाच्या सभेला, पूर्वी गेलेल्यांनाच धरलं तर नवे लोक सुटतात. सर्व्हे करणाऱ्या अ‍ॅन सेल्झर यांनी 'डी मॉइन रजिस्टर' या वर्तमानपत्रासाठी केलेल्या शेवटच्या सर्व्हेत पहिल्यांदाच येणारे निम्म्याहून जास्त निघाले. ओबामा 32 टक्के, क्लिंटन 25. इतके नवे लोक येतील कसे, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण त्यांनी आकडा आपल्या अंदाजाप्रमाणे वाकवला नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

3 जानेवारी 2008 ची संध्याकाळ, कडाक्याची थंडी. बाईंबरोबर मीही शाळेत भरलेल्या डेमोक्रॅट्सच्या कॉकसला गेले, नुसती बघायला. सहा महिन्यांत बाईंनी बहुतेक सगळ्यांची भाषणं ऐकली होती आणि त्यांचं मन जो बायडन यांच्यावर बसलं होतं. पण तिथे चिठ्ठी नव्हती. आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. पंधरा टक्के लोक जमले नाहीत तर गट मोडायचा आणि त्यातल्यांना दुसऱ्या गटात जाता यायचं. बायडन यांच्या कोपऱ्यात सातच जण! बाई जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग पर्स उचलून ओबामांच्या गर्दीकडे चालू लागल्या. ही दुसरी पसंती त्यांना उन्हाळ्यात फोनवर कुणी विचारलीच नव्हती.

राज्यात ओबामांना जवळपास 38 टक्के मिळाले. आणखी एक उमेदवार जॉन एडवर्ड्स आणि क्लिंटन तिशीच्या आत. पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायर राज्याच्या प्रायमरीत सर्व्हे ओबामांना पुढे दाखवत होते, आणि जिंकल्या क्लिंटन.

त्या संध्याकाळी शाळेतल्या गर्दीत सतरा वर्षांचा एक मुलगा होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तर कॉकसला येता येतं. त्यानं बाईंना बसायला आपली खुर्ची दिली.