तोंड नसलेलं मुखपृष्ठ

आज लेकीच्या मीडिया स्टडीजच्या प्रोजेक्टचं मुखपृष्ठ घरच्या प्रिंटरवर निघालं. (ऐन वेळी काळी शाई संपली, ते वेगळंच.) विषय: संगीताचं मासिक. अशा मुखपृष्ठांचा नेहमीचा साचा म्हणजे वर ठसठशीत नाव, मधे गायकाचा चेहरा, नजर थेट आपल्याकडे, रंग तीनच, मथळे डावीकडे. डावीकडेच का? तर दुकानात अंक एकावर एक सरकवून ठेवले की तेवढीच पट्टी दिसते. इतकी वर्षं इंग्लंडात मासिकं चाळतेय, कधी लक्षातच आलं नव्हतं!

पण पोरीने चेहराच उडवलाय. नुसते हात. एक पेटीच्या भात्यावर, एक पट्ट्यांवर, मनगटात हिरव्या बांगड्या. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि पहिला प्रश्न, "अगं, बाईचं तोंड कुठाय?"
"आजी, हातावरून कळलं ना तुला बाई आहे ते? झालं तर!"

बारकोड मात्र ठेवलाय. त्याशिवाय शाळेचं हस्तलिखित वाटतं, म्हणे. आणि कोपऱ्यातला तो लाल चौकोन 'क्यू' या ब्रिटिश संगीत-मासिकावरून ढापलाय, असा माझा दाट संशय. त्याचा छापील अंक २०२० मध्येच बंद पडला, आता तक्रार करणार तरी कोण!