पॅरिसमध्ये दोन सित्रोएन: एक 1934 ची, एक 1955 ची

पॅरिसच्या पूर्वेला व्हँसेनचा किल्ला आहे, त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी जुन्या गाड्यावाले जमले होते. मामेबहिणीच्या शेजारचे आजोबा त्यांची 1961 ची डीएस, म्हणजे सित्रोएन या फ्रेंच कंपनीने 1955 मध्ये आणलेलं मॉडेल, घेऊन निघाले आणि मला म्हणाले चल, बस मागे. नाही कोण म्हणणार!

डीएस चालू केली तरी लगेच निघत नाही, खाली बसलेली गाडी आधी सावकाश वर उठते, कारण नेहमीच्या स्प्रिंगा नाहीतच, नायट्रोजन भरलेले गोळे आणि तेलाचं प्रेशर. स्टीअरिंगला एकच दांडी, ब्रेकच्या जागी खाली रबरी बटण, क्लच पेडल गायब. दगडी फरशीच्या रस्त्यावर खडखड ऐकू येते पण धक्का पोचतच नाही. 1955 च्या पॅरिस मोटर शोमध्ये पहिल्याच दिवशी 12 हजारच्या आसपास ऑर्डरी आल्या म्हणतात, त्यात नवल नाही. 1962 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा टायर फुटूनही ड्रायव्हरने डीएसच पळवत नेली, हा किस्सा आजोबांनी अर्थातच सांगितला. मला मात्र त्या तरंगण्याने जरा मळमळायला लागलं होतं, गप्प बसलो.

तिथे त्यांच्या मित्राची त्राक्सिओं आव्हां, म्हणजे सित्रोएनचंच 1934 चं मॉडेल, उभी होती, काळी कुळकुळीत. तिच्यातूनही एक चक्कर मारली. गिअरचा दांडा थेट डॅशबोर्डमधून बाहेर, पुढची दारं उलटी उघडणारी, आणि पार्किंग करताना स्टीअरिंग इतकं जड की त्या मित्राचा चेहरा लाल झाला. धक्के बसतात, इंजिन ऐकू येतं, पण वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. पुढच्या चाकांना ड्राइव्ह, खाली वेगळी चासी (सांगाडा) नाही, हायड्रॉलिक ब्रेक, हे सगळं एकत्र आणि तेही 1934 मध्ये, आणि कंपनी तेव्हा कर्जात बुडालेली! त्याच डिसेंबरमध्ये सित्रोएनचं दिवाळं निघालं, टायरवाल्या मिशलँ कंपनीने ताबा घेतला, आंद्रे सित्रोएन पुढच्या जुलैमध्ये गेले, गाडी मात्र 1957 पर्यंत चालली.

मजा म्हणजे दोन्हीमागे माणसं तीच, इंजिनिअर लफेव्र आणि आकार देणारा बेर्तोनी. त्यातून डीएससाठी सहा सिलिंडरचं नवं इंजिन करायचा बेत बारगळला, त्यामुळे सुरुवातीच्या डीएसमध्ये त्राक्सिओंचंच 1911 सीसीचं इंजिन आहे, फक्त हेड नवीन. म्हणजे बॉनेट उघडलं की परग्रहावरच्या गाडीत जुन्या जमान्याचं इंजिन, हे पाहिल्यावर माझा कल पूर्णच पलटला.

मला विचाराल तर त्राक्सिओं. डीएस बघायला भारीच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण खिशात दमडी नसताना इतकी मोठी उडी मारली ती 1934 च्या गाडीने. आजोबांना हे अजिबात पटलं नाही, म्हणाले पुढच्या वेळी पुढच्या सीटवर बस आणि मग बोल.